दूरचं की जवळचं

४ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. आता जायला माझ्याशिवाय उरलंय तरी कोण!

हे गेले तेव्हा तुम्ही दारात चपला घालता घालता म्हणाला होतात, "वहिनी, काही लागलं तर कळवा." इतकी वर्षं काही लागलं नाही म्हणून कळवलं नाही. आता लागलंय. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. बरेच महिने मी चष्म्याच्या काचाच पुसत होते. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "बाई, काच स्वच्छ आहे. मळलंय ते आत."

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घायकुत्या नाहीत. त्यांनी यंत्रावर डोळ्याची लांबी मोजली. माझा डोळा म्हणे लांबुळका आहे, म्हणून लहानपणापासूनचा तो उणे चौदाचा नंबर आणि ती सोडावॉटरच्या बाटलीची बुडं. मग त्यांनी विचारलं, "आत बसवायचं भिंग दूरचं घेऊ की जवळचं? दूरचं घेतलं तर रस्ता, पाट्या, माणसं चष्म्याशिवाय दिसतील आणि वाचायला चष्मा लागेल. जवळचं घेतलं तर उलट." मी म्हटलं, "दोन्ही घ्या." त्या हसल्या. तसली दुहेरी भिंगंही मिळतात, पण माझ्या डोळ्याचा आतला पडदा ताणला जाऊन पातळ झालाय. त्यावर ती नीट चालणार नाहीत.

आता माझी अडचण सांगते. संग्रहालयात मी उभा जन्म किड्यांची चित्रं काढण्यात घालवला हे तुम्हाला माहीत आहे. बाकीचे भिंगातून बघायचे. मी चष्मा कपाळावर सरकवायची आणि किडा नाकाशी धरायची. चार बोटांवर मला भुंग्याच्या पायावरचा केस न् केस दिसायचा. तुमचे दादा म्हणायचे, "हिला दोन हातांवरचा नवरा दिसत नाही, मुंगीच्या मिशा मात्र दिसतात." ते चार बोटांवरचं जग आता जाणार का? तुम्ही कारखान्यात आयुष्यभर हीच भिंगं तपासलीत. तुम्ही सांगाल ते करीन. विचारावं असं दुसरं कोणी नाही.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं, पण दोन दिवस उशिरा. आमच्या पेटीत जाहिरातींशिवाय काही पडत नाही. हाताने लिहिलेलं पाकीट बघितलं आणि शेजाऱ्याचं समजून त्याच्या दाराशी ठेवून आलो. त्याने ते परत आणून दिलं, वर म्हणाला, "काका, तुमचंच नाव आहे की!"

डोळ्याचं सांगतो. तुमच्यासारख्या लांबुळक्या डोळ्याला हलक्या पॉवरचं भिंग पुरतं, सहा-सात असेल. साधारण माणसाला वीस-एकवीस लागतं. आणि ज्याचा डोळा आखूड, त्याला तीस, कधी त्याहून जास्त. आम्ही प्रत्येक भिंग खाऱ्या पाण्यात ठेवून त्यातून बारीक रेघांचा तक्ता बघायचो, कारण डोळ्यातही ते पाण्यातच राहणार असतं. सहाचं भिंग जवळपास सपाट. स्वभावाने गरीब. जागेवरून थोडं सरकलं, थोडं कललं, तरी रेघा आपल्या जागी. तीसचं भिंग फुगलेलं, तापट. बरोबर मधोमध बसलं तर त्याच्यासारखं काम दुसरं करणार नाही. पण जरासं कललं की रेघांना सावल्या येतात, दिव्याला एका बाजूने शेपूट फुटतं, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याला चिकटून आणखी एक चेहरा उभा राहतो. केसभर मागेपुढे बसलं तरी नंबर चुकतो. भिंग वाईट नसतं हो. त्याला चूक परवडत नाही, एवढंच. तुमचं भिंग गरीब आहे, तेव्हा निर्धास्त राहा.

चार बोटांवरचं जग मात्र काहीही घेतलंत तरी जाणार. डॉक्टर 'जवळचं' म्हणतात ते फूटभरावरचं, आपण पुस्तक धरतो तेवढ्यावरचं. मग दूरचंच घ्या. एकट्या बाईला रस्ता दिसला पाहिजे, जिना दिसला पाहिजे, दारात कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे. किडे काही आता तुमची वाट बघत नाहीत.

ऑपरेशनला सोबत कोण आहे? एकट्याला घेत नाहीत.

भाऊजी


९ मार्च

भाऊजी,

उजवा डोळा झाला. दूरचा.

सोबत खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई आल्या. मी आत होते तेवढ्या वेळात त्यांनी बाहेर बाकावर बसून कोणाच्या तरी झग्याची अख्खी किनार दुमडून टाकली. मला बाहेर आणलं तेव्हा सुई दातांत धरून म्हणाल्या, "झालं? मला वाटलं अजून एक बाही होईल."

पट्टी निघाली आणि पहिल्यांदा खिडकीसमोरचं झाड दिसलं. झाड म्हणजे हिरवा गोळा, हेच मी समजत आले होते. त्याला पानं आहेत, एकेक सुटं, आणि ती एकाच वेळी एकाच बाजूला हलत नाहीत. सगळं जग मोठं झालंय. त्या जाड चष्म्याने ते लहान करून ठेवलं होतं म्हणे. समोरच्या इमारतीत एक गृहस्थ गॅलरीत दाढी करतात, गालाला फेस लावून रस्त्यावरच्यांशी गप्पा मारतात. आपल्या समोर कोणी राहतं हेच मला ठाऊक नव्हतं. आणि निळा रंग! माझी शेवटची चित्रं काढून बघितली तर लाजच वाटली. पिवळ्या पडलेल्या डोळ्याला निळं दिसेना म्हणून मी निळ्यावर निळा चढवत गेलेय. भुंगे नाहीत ते, दौतीत बुडून वर आलेले प्राणी आहेत.

इथपर्यंत आनंद. पुढचं ऐका. माझा स्वतःचा हात मला दिसत नाही. म्हणजे हात आहे असं दिसतं, माझा आहे असं दिसत नाही. कपाला कड नाही. भाताचं शीत नाही, नुसता पांढरा ढीग. वाचायचा चष्मा दिलाय, पण तो लावून किडा नाकाशी नेला की पुन्हा धुकं. डावा डोळा अजून जुना आहे. उजवा हाताने झाकून मी डाव्याने बघते. चार बोटांवर सगळं आहे, चहातून बघावं तसं पिवळं, पण आहे. पुढच्या महिन्यात तोही जाणार. भाऊजी, चष्मा काढून ठेवल्यावर तुमच्या दादांचा चेहरा मला फक्त त्याच अंतरावर स्वच्छ दिसायचा. दुसऱ्या कोणी त्यांना तसं बघितलं नसेल. भुवईत एक पांढरा केस होता, तो त्यांनाही माहीत नव्हता.

'दुरून डोंगर साजरे' म्हणतात. मला डोंगर कशाला हवे होते? तुम्ही मला दूरचं दिलंत. दूर माझं कोण आहे?

रागावून लिहिलं, पण खोडत नाही.

आणि एक. दिव्याला शेपूट, चेहऱ्याला चिकटून चेहरा, असलं मला काही दिसत नाही. तुमचा तो मजकूर मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "माहिती अगदी बरोबर आहे. पण हे तक्ता बघून लिहिलेलं नाही. रेघांच्या तक्त्यावर चेहरा कुठला?" तुम्ही कोणाच्या डोळ्याबद्दल लिहिलं होतंत?

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

राग योग्य आहे. मी कारखान्यातल्या माणसासारखं उत्तर दिलं. भिंग कोणतं चांगलं ते सांगितलं, कोणाला कशासाठी हवंय ते विचारलं नाही.

डाव्याला जवळचं घ्या. एक डोळा दूरचा, एक जवळचा असं पुष्कळांना करतात. मेंदू शिकतो, हळूहळू कोणतं काम कोणाचं ते ठरवून टाकतो. अंतराचा अंदाज थोडा चुकतो, जिना उतरताना कठडा धरायचा. पण एकदम करू नका. डॉक्टरीणबाईंना सांगून आधी नुसती डोळ्यावर ठेवायची लेन्स लावून बघा, मानवतंय का. आणि जवळ म्हणजे किती जवळ ते तुम्ही स्वतः हाताने दाखवा. त्यांच्या फूटभरापेक्षा थोडं अलीकडे मागा. त्या कुरकुर करतील, पण ऐकतील.

मी दूरचं सांगितलं त्याला रस्ता आणि जिना एवढंच कारण नव्हतं. वाटलं, दिसायला लागलं तर कधीतरी इकडच्या गाडीत बसाल.

शेपटाचं वगैरे कारखान्यात लोक येऊन सांगायचे. त्यात काही नाही.

भाऊजी


१ एप्रिल

भाऊजी,

लोक येऊन सांगायचे! कारखान्यात भिंगं पाण्यात ठेवलेली असायची, माणसं कुठली यायची तिथे? थापा मारायलाही सराव लागतो. तुमच्या दादांना होता, तुम्हाला नाही.

काल तुम्हाला फोन केला. तुम्ही आधी म्हणालात, काही झालेलं नाही. मग म्हणालात, दूध उतू जातंय, ठेवतो. संध्याकाळी पुन्हा केला तर तुमचा फोन शेजारच्यांनी उचलला. म्हणाले, "काका दाराच्या कुलपाशी झटतायत, फोन माझ्या हातात दिलाय. किल्ली हातात असते, पण भोक सापडत नाही. मी रोज उघडून देतो." मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, "बरेच दिवस झाले की. तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, वहिनी. ते म्हणाले, "असं? त्यांना कोणी आहे हे माहीत नव्हतं."

डाव्या डोळ्याची तारीख मी पुढे ढकलली आहे. चौदा तारखेच्या गाडीने निघते. डाव्यावर आता चष्म्याची काच चालत नाही, दोन डोळ्यांना दोन जगं दिसतात, म्हणून तो झाकूनच प्रवास करीन. पण उजव्याने फलाटाच्या पाट्या लांबूनच वाचता येतात. दूरचं तुम्हीच दिलंत, आता भोगा.

वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

येऊ नका. सगळं सांगतो, मग येण्याचं कारण उरणार नाही.

माझा डोळा आखूड. उजवा लहानपणापासून आळशी, त्याने कधी काम केलंच नाही. सगळा भार डाव्यावर. त्यातला मोतीबिंदू काढून एकतीसचं भिंग बसवलं. पहिले काही महिने झकास. मग एका बाजूचा आधार सुटला आणि ते कललं. पुढचं तुम्हाला मी लिहिलंच होतं, फक्त स्वतःचं म्हणून लिहिलं नव्हतं. जी भिंगं आम्ही रेघा बिघडल्या म्हणून बाजूला काढायचो, त्यांच्यातून दिसायचं तसंच आता दिसतं. भिंग निर्दोष आहे, वहिनी. कदाचित मीच तपासून पुढे पाठवलेलं असेल. ते तिरकं बसलंय, बस्स.

डॉक्टर म्हणतात, हे काढून दुसरं टाके घालून बसवू. सुधारेल, पण खात्री देत नाहीत. पडद्याला काही झालं तर हेही जाईल. माझ्याकडे एकच डोळा आहे. तो पणाला लावायची छाती होत नाही. आत्ता दोन दिवे दिसतात, दोन माणसं दिसतात, पण दिसतात ना? चहा करता येतो.

आणि दवाखान्यात पहिला प्रश्न तोच, सोबत कोण? दोनदा गेलो. दोन्ही वेळा म्हणालो, "येतायत मागून." थोडा वेळ बाकावर बसलो आणि उठून घरी आलो.

येऊ नका. घर आवरलेलं नाही.

भाऊजी


२६ मे

वहिनी,

तुम्ही परत घरी पोहोचल्याचं शेजाऱ्याच्या फोनवर कळलं. पत्र आज लिहितोय कारण आज पहिल्यांदा सरळ ओळीत लिहिता येतंय. चष्मा मिळाला.

काल तपासणी होती. नव्या भिंगाचे टाके घट्ट आहेत. डॉक्टर स्पष्ट बोलले, "हा डोळा पहिल्या नंबराचा होणार नाही." मी म्हटलं, आम्ही असला माल दुसऱ्या प्रतीत टाकायचो, पण फेकून द्यायचो नाही. दिव्याचं शेपूट आखूड झालंय, पूर्ण गेलेलं नाही. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे अजून पिंजारतात. पण माणसं आता एकेकटी दिसतात. पट्टी काढली तेव्हा समोर तुम्ही होतात. एकच चेहरा. बोलायचं राहून गेलं म्हणून आता लिहितो: म्हाताऱ्या झालात, वहिनी. मला माहीत नव्हतं.

आणखीही एक बोलायचं राहिलं. खरं तर सगळंच राहिलं. तुम्ही तीन आठवडे होतात. पत्रात मी तुम्हाला इतकं लिहिलं, आणि टेबलाशी समोरासमोर बसल्यावर "साखर घालू?" याच्यापुढे गाडी गेली नाही. थेंब घालताना तुम्ही "वर बघा" म्हणायचात आणि मी वर बघायचो. आपलं सगळ्यात लांबलचक संभाषण तेच. डोळा बांधलेला होता त्या दिवशी तुमचं कोपर धरून मी मोरीपर्यंत गेलो. लाजेने मेलो होतो. तुम्ही म्हणालात, "उंबरा आहे." बस्स, तेवढंच. तुम्ही खिडकीशी बसायचात, मी रेडिओशी. मला सारखं वाटायचं, काहीतरी बोलायला हवं, ही बाई एवढ्या लांबून आली. जितकं वाटायचं तितकी जीभ जड व्हायची. तुम्ही कंटाळून गेलात, हे मला कळतं. निघताना "बरंय" म्हणालात, मीही "बरंय" म्हणालो.

तुम्ही गेल्यावर घर पूर्वीसारखंच झालं. पूर्वी मात्र ते मला असं दिसत नव्हतं. कदाचित डोळा सुधारल्यामुळे असेल. टेबलाची दुसरी खुर्ची तुम्ही उठलात तेव्हा जशी मागे ओढलेली होती तशीच आहे. आत ढकलायची म्हणतो आणि राहून जातं.

कुलूप आता मी स्वतः उघडतो. शेजाऱ्याला थोडं वाईट वाटलं.

भाऊजी


२० जून

भाऊजी,

डावा डोळा झाला. जवळचा. अंतर मी हाताने दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, एवढं नाही, थोडं लांब." मी म्हटलं, "नाही, थोडं अलीकडे." अशी बरीच घासाघीस झाली, शेवटी माझ्या बाजूला दोन बोटं मिळाली. आधी लेन्स लावून बघितली होती. पहिल्या दिवशी कठड्याला सोडून भलतीकडेच हात गेला, नंतर सवय झाली. शिवणवाल्या बाई पुन्हा आल्या होत्या. या वेळी बाही पूर्ण झाली.

आदल्या दिवशी ठरवलं होतं, जुन्या डोळ्याने शेवटचं काहीतरी बघून घ्यावं. कपाटातून भुंग्यांची पेटी काढली, ठेवून दिली. ह्यांचा फोटो काढला. फोटोत भुवई कुठे दिसते? तोही ठेवला. शेवटी आपलंच बोट डोळ्याशी धरलं आणि त्यावरच्या रेषा बघत बसले, चहाच्या रंगाच्या. फार वेळ बसले. रडले नाही. मग थेंब घालायची वेळ झाली.

आता माझा हात माझा दिसतो. शीत दिसतं, पेन्सिलीचं टोक दिसतं. भुंग्याच्या पायावरचे केस दिसत नाहीत, ते गेले. हातभिंग आणलंय. बाकीचे बघायचे तसं मीही आता भिंगातून बघते. काल खिडकीत पाठीवर ठिपके असलेला एक साधा किडा आला, त्याचं चित्र काढलं. पाय चुकले. रंग बरोबर आलाय.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, चष्म्याशिवाय. जगाच्या डोळ्यांची एवढी भिंगं तपासलीत, पण तुम्हाला माणूस बघता येत नाही. मी कंटाळले असं कोणी सांगितलं? इथेही मी गप्पच असते. फरक इतकाच की इथे माझं गप्प बसणं ऐकायला कोणी नसतं. तुमच्याकडे रेडिओ खरखरायचा, तुम्ही मध्येच घसा साफ करायचात, मला वाटायचं आता बोलतील, आणि तुम्ही बोलायचा नाहीत. मी खिडकीबाहेर बघत त्याची वाट बघायची. बरे गेले ते आठवडे. "बरंय" म्हणाले ते उगीच नाही.

त्या खुर्चीचं मात्र ऐका. तुम्हाला एका डोळ्याने अंतर कळत नाही. येता-जाता पाय अडकेल आणि तोंडावर आपटाल, मग टाके पुन्हा घालायला कोण बसणार? आजच आत ढकला. मी येईन तेव्हा माझी मी ओढून घेईन.

वहिनी